एकाच्या आत : आवाजाचे भाकीत आणि आकड्यांचे स्थैर्य

शहापूर तालुक्यातल्या आटगाव स्थानकावर उतरून कोणी घरी फोन लावला आणि ‘पोचलो’ म्हटले, की त्या एका शब्दाचे मोबाइलमध्ये बारीक तुकडे पडतात. जुन्या जीएसएम पद्धतीत प्रत्येक तुकडा २० मिलिसेकंदांचा असतो. आवाजाचे सेकंदाला ८००० सॅम्पल घेतले जातात, म्हणजे एका तुकड्यात १६०. साध्या डिजिटल टेलिफोनला एका सॅम्पलमागे ८ बिट लागतात. त्या हिशेबाने या तुकड्याला १२८० बिट हवेत. जीएसएम तो २६० बिटांत बसवते. त्यांतले ३६ बिट बोलणाऱ्याच्या घशापासून ओठांपर्यंतच्या पोकळीने आवाजाला काय वळण दिले ते सांगतात, आणि उरलेले २२४ त्या पोकळीत शिरणाऱ्या हवेच्या स्पंदनांचा अंदाज देतात.

हे पुस्तक त्या ३६ बिटांबद्दल आहे.

त्यांत आठ आकडे असतात. पहिल्या दोघांना प्रत्येकी ६ बिट, पुढच्या दोघांना ५, मग ४ आणि शेवटच्या दोघांना फक्त ३. तीन बिटांत आठच किमती लिहिता येतात. इतक्या ओबडधोबड आकड्यांतूनही पलीकडच्या माणसाला आवाज ओळखू येतो, आणि मध्येच एखादा बिट बिघडला तरी फोन किंचाळत सुटत नाही. हे आपोआप घडलेले नाही. ते आठ आकडे कोणत्या रूपात पाठवायचे, याचा निर्णय त्यामागे आहे, आणि या विषयाचा गाभा तोच आहे.

मूळ कल्पना शाळेतल्या मुलालाही समजेल अशी आहे. आवाजाचे आतापर्यंतचे सॅम्पल हाताशी असतील तर पुढचे सॅम्पल काय असेल याचा बराचसा अंदाज बांधता येतो. मागच्या आठ-दहा सॅम्पलांना प्रत्येकी एका ठरावीक सहगुणकाने गुणायचे, बेरीज करायची. हे झाले भाकीत. भाकीत आणि खरे सॅम्पल यांतला फरक लहान असतो, म्हणून तो कमी बिटांत पाठवता येतो. सहगुणक असे निवडायचे की तुकडाभर या फरकांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी व्हावी. यालाच रेषीय भाकीत म्हणतात. अभियंत्यांच्या तोंडी एलपीसी. पलीकडचा फोन हेच उलट दिशेने करतो : आलेला फरक भाकितात मिळवतो, सॅम्पल तयार करतो आणि तेच सॅम्पल पुढच्या भाकितासाठी वापरतो.

या विचाराचा उगम टेलिफोनात नाही. जी. उडनी यूल यांनी १९२७ साली सूर्यावरच्या डागांच्या वार्षिक संख्येवर हे गणित प्रथम चालवले. नॉर्मन लेव्हिन्सन यांनी १९४७ साली अशी समीकरणे झटपट सोडवण्याची रीत दिली आणि १९६० मध्ये जेम्स डर्बिन यांनी तिला आजचे सुटसुटीत रूप दिले. आवाजाकडे हे गणित १९६० च्या दशकात वळले. जपानमध्ये फुमितादा इताकुरा आणि शुझो साइतो, अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत बिष्णू अटल आणि मान्फ्रेड श्रोडर यांनी ते जवळपास एकाच काळात हाती घेतले. अटल मूळचे कानपूरचे, बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये शिकलेले. त्यांचा आणि सुझान हनावर यांचा १९७१ चा शोधनिबंध या विषयातला पायाचा दगड मानला जातो. १९७८ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने ‘स्पीक अँड स्पेल’ हे बोलणारे खेळणे बाजारात आणले, तेव्हा दहा सहगुणकांचे एलपीसी एका चिपवर मावले होते. भारतातला पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ रोजी झाला. कोलकात्याहून पश्चिम बंगालचे तेव्हाचे मुख्यमंत्री ज्योती बसू दिल्लीत केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांच्याशी बोलले ते जीएसएमवर, आणि जीएसएमच्या आवाजाचा पाया एलपीसीच होता.

इतका इतिहास सरळ दिसतो. पण कागदावर बरोबर असलेले सूत्र चिपवर चालवायला घेतले, की घोडे पेंड खाते. कागदावर आकड्याला हवे तितके दशांश असतात, चिपवर सोळा बिट. म्हणून एक छोटे उदाहरण वाचकाने स्वतः करून पाहावे.

‘ई’ किंवा ‘ऊ’ म्हणताना मुखपोकळीचा पहिला अनुनाद ३०० हर्ट्झच्या आसपास असतो. त्याची रुंदी ५० हर्ट्झ धरली, तर त्या एका अनुनादाचे भाकीत असे येते : मागच्या सॅम्पलची १.९०७ पट, वजा त्याच्या मागच्याची ०.९६१ पट. आता हे दोन आकडे जवळच्या एका दशांशापर्यंत छाटा. १.९ आणि १.० मिळतात. दिसायला फरक किरकोळ आहे. परिणाम मात्र असा : अनुनाद ३०० वरून सुमारे ४०४ हर्ट्झवर सरकतो आणि कधीच विरत नाही. पलीकडच्या फोनमध्ये एक शिट्टी सुरू होते ती थांबत नाही, कारण आपलेच उत्तर पुन्हा आत घेणाऱ्या फिल्टरमधली घट शून्य झाली. घट शून्याच्याही खाली गेली, म्हणजे दर सॅम्पलला उत्तर एक टक्क्याने वाढू लागले, तर २० मिलिसेकंदांत आवाज पाचपट होतो. आणि अडवणारे काही नसेल तर एका सेकंदात त्याची किंमत १० च्या ३४ व्या घाताला ओलांडून जाते. फक्त दुसऱ्या आकड्याचा दुसरा दशांश ठेवून १.९ आणि ०.९६ घेतले तर फिल्टर स्थिर राहतो, पण अनुनाद तरीही ३१५ हर्ट्झवर जातो. हा एका अनुनादाचा हिशेब झाला. आठ किंवा दहा सहगुणक एकत्र आले की कोणता आकडा किती छाटल्यावर काय बिघडेल, हे नुसते पाहून सांगता येत नाही.

या बिघाडाचे तीन वेगवेगळे उगम आहेत. ते एकमेकांत मिसळले की चर्चा भरकटते, म्हणून पुस्तकाची मांडणीही त्याच क्रमाने केली आहे.

पहिला उगम प्रश्नातच असतो. भाकिताचे सहगुणक काढण्यासाठी ज्या मॅट्रिक्सची समीकरणे सोडवावी लागतात, ते त्या आवाजाच्या ऑटोकोरिलेशनचे, म्हणजे आवाज स्वतःच्याच मागे सरकवलेल्या प्रतीशी किती जुळतो ते सांगणाऱ्या आकड्यांचे, असते. आवाजात काही कंप्रता खूप जोरकस आणि काही जवळपास नसल्यासारख्या असतील, तर हे मॅट्रिक्स नाजूक होते. स्वरांत हा फरक ६० डेसिबलपर्यंत असू शकतो, म्हणजे शक्तीच्या भाषेत दहा लाख पट. अशा वेळी दिलेल्या आकड्यांतली एक दशलक्षांश चूकही उत्तरात ठळक दिसू शकते. सात अंकांपर्यंत अचूक असलेल्या साध्या फ्लोटमधले सहा अंक हातचे जाऊ शकतात. उत्तर शोधण्याची रीत कितीही चांगली असली तरी हा दोष जात नाही, कारण तो रीतीचा नाही. उपाय प्रश्नच थोडा बदलण्याचा आहे. जीएसएममध्ये आवाज आधी एका सोप्या फिल्टरमधून जातो : प्रत्येक सॅम्पलमधून मागच्या सॅम्पलची ०.८६ पट वजा केली जाते. त्यामुळे खालच्या कंप्रतांचा जोर उतरतो आणि वरच्या दिसू लागतात. आवाज मोजक्या बिटांत बसवण्याच्या जी.७२९ या १९९६ च्या मानकात ऑटोकोरिलेशनचा पहिला आकडा १.०००१ ने गुणतात. याचा अर्थ आवाजात मुद्दाम चिमूटभर खरखर मिसळणे. ती ४० डेसिबल खाली असल्याने कानाला जाणवत नाही, पण मॅट्रिक्सला तेवढ्याने आधार मिळतो.

दुसरा उगम सोडवण्याच्या रीतीत असतो. लेव्हिन्सन-डर्बिन रीत झटपट आहे : सहगुणकांची संख्या दुप्पट झाली तर सामान्य रीतीचे काम आठपट होते, हिचे चौपट. पण आकड्यांच्या बाबतीत तिच्या भरवशाबद्दल अनेक वर्षे शंका होती. १९८० साली जॉर्ज सायबेंको यांनी या प्रश्नावर स्वतंत्र निबंध लिहिला. ज्या प्रकारची मॅट्रिक्स एलपीसीत येतात, त्यांच्यासाठी या रीतीतली चूक किती वाढेल याची मर्यादा त्यांनी काढली, आणि रीतीचा दोष व प्रश्नाचा दोष वेगळे करून दाखवले. आजही अनेक विद्यार्थी प्रोग्रॅम बिघडला की लेव्हिन्सन-डर्बिनला बोल लावतात. बहुतेक वेळा खोट वर सांगितलेल्या पहिल्या उगमात असते. रीत निवडताना आणखी एक गोष्ट मोलाची ठरते. तुकड्याच्या दोन्ही कडा हळूहळू शून्यावर आणून ऑटोकोरिलेशन काढले, तर मिळणारा फिल्टर स्थिर असतोच, हे सिद्ध झालेले आहे. अटल आणि हनावर यांनी वापरलेली कोव्हेरियन्स रीत कडांना हात लावत नाही, म्हणून लहान तुकड्यात ती अधिक नेमकी ठरते. पण तिच्यात स्थिरतेची हमी नाही. जॉन बर्ग यांची १९६७ ची रीत कडा न दाबता ही हमी देते.

तिसरा उगम उत्तर लिहून ठेवण्यात असतो. शिट्टीचे उदाहरण तिथलेच. आणि इथे आटगावच्या वाचकाला एक सोय आहे. तानसाचे धरण १८९२ साली पुरे झाले, तेव्हापासून मुंबईकडे पाणी नेणारे मोठाले पाइप शहापूर तालुक्याच्या ओळखीचे आहेत. पाइपचा व्यास जिथे बदलतो तिथे दाबाची लाट दुभंगते : काही पुढे जाते, काही मागे फिरते. मागे फिरलेली लाट आलेल्या लाटेपेक्षा मोठी असू शकत नाही, कारण जोडापाशी कोणी नवी ऊर्जा ओतत नाही. म्हणून मागे फिरलेल्या भागाचे आलेल्या लाटेशी असलेले प्रमाण, म्हणजे परावर्तन गुणांक, उणे एक ते अधिक एक यांच्या आतच राहतो. घशापासून ओठांपर्यंतची पोकळी गणिताला अशाच वेगवेगळ्या जाडीच्या पाइपांच्या जोडणीसारखी दिसते. सेकंदाला ८००० सॅम्पल घेतले तर पाइपचा असा एक तुकडा सुमारे २.१ सेंटिमीटर लांबीचा येतो. आठ तुकडे जोडले की १७ सेंटिमीटर. प्रौढ पुरुषाच्या मुखपोकळीची लांबी साधारण तेवढीच असते. जीएसएमने आठ हा आकडा घेतला, त्याला शरीराचाही असा दुजोरा आहे.

आता वरचेच उदाहरण परावर्तन गुणांकांत लिहा. १.९०७ आणि ०.९६१ ऐवजी ०.९७२ आणि ०.९६१ येतात, पहिला उणे चिन्हाने. हे आकडे छाटले, बिघडवले, निम्मे केले, तरी ते एकाच्या आत आहेत तोवर फिल्टर स्थिरच राहतो. आवाज बदलेल, पण शिट्टी होणार नाही. नियम एकच आणि तो प्रत्येक आकड्याला सुटा लागू पडतो. इताकुरा आणि साइतो यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस या गुणांकांना आवाजाच्या सांकेतनात आणले, ते याच गुणासाठी. जीएसएमच्या ३६ बिटांतल्या आठ आकड्यांचे मूळ हेच आहे. त्यांची कोष्टके अशी बांधली आहेत की कोणताही बिट उलटा झाला तरी एकाच्या बाहेरची किंमत निघतच नाही.

एकाच्या जवळ मात्र हे गुणांकही हळवे होतात. ०.९० आणि ०.९९ यांत नऊ शतांशांचेच अंतर, पण आवाजात फरक मोठा. म्हणून त्यांना लॉगरिदमच्या पट्टीवर ताणतात : एक अधिक गुणांक भागिले एक उणे गुणांक, त्याचा नैसर्गिक लॉगरिदम. तिथे ०.९० चे २.९४ होतात आणि ०.९९ चे ५.२९. जीएसएम याच पट्टीचे सोपे, सरळ रेषांनी बांधलेले रूप वापरते. इताकुरा यांनीच १९७५ मध्ये तिसरे रूप सुचवले, लाइन स्पेक्ट्रल पेअर. तिथे सहगुणकांच्या जागी कंप्रतांची एक चढती रांग येते, आणि रांगेतला क्रम मोडला नाही तर फिल्टर स्थिर. जी.७२९ आणि त्यानंतरच्या मोबाइल सांकेतनांनी हाच वंश पुढे नेला. ओपस या २०१२ च्या मानकातला बोलण्यासाठीचा भागही त्यातलाच. तिथे डीकोडर मिळालेला फिल्टर स्वतः तपासतो आणि धोका दिसला तर त्याचे अनुनाद थोडे बोथट करतो.

ही रूपे आणखी एका ठिकाणी कामाला येतात. आवाजाच्या एका तुकड्याच्या पोकळीतून पुढच्या तुकड्याच्या पोकळीत एकदम उडी मारली तर कानाला खट् असे ऐकू येते, म्हणून मधल्या किमती घ्याव्या लागतात. मूळ सहगुणकांत दोन स्थिर फिल्टरांच्या मधोमध अस्थिर फिल्टर सापडू शकतो. परावर्तन गुणांकांत किंवा चढत्या रांगेत तो सापडत नाही. माहुलीच्या डोंगराआड रेंज तुटून तुकडा गहाळ झाला आणि फोनला मागच्यापुढच्यावरून वेळ मारून न्यावी लागली, तरी तो निभावून नेतो, त्यात या गुणाचा वाटा आहे.

सोळा बिटांच्या चिपवर गुणांक काढतानाही हीच शिस्त लागते. १६० सॅम्पलांच्या वर्गांची बेरीज ३२ बिटांत मावत नाही, म्हणून सॅम्पल आधी लहान करून घेतात. बेरीज ३२७६७ च्या वर जाऊ लागली की ती उलटून उणे होऊ देत नाहीत, तिथेच थांबवतात. लेव्हिन्सन-डर्बिनमध्ये मधले आकडे किती मोठे होतील याची खात्री नसते. म्हणून जीएसएमने इसाई शूर यांच्या १९१७ च्या गणितातून आलेली रीत घेतली, जिच्यात मधला प्रत्येक आकडा आधीच माहीत असलेल्या मर्यादेत राहतो. ले रू आणि गेगेन यांनी १९७७ मध्ये ती अशा चिपसाठी मांडली होती. तुकड्यात नुसती शांतता असेल तर आठही गुणांक शून्य धरायचे, आणि मध्येच एखादा गुणांक एकाच्या वर जातो असे दिसले तर तो आणि पुढचे सगळे शून्य करायचे, हेही मानकातच लिहिले आहे. त्या दोन छोट्या अटी वाचताना त्यामागची हुशारी नजरेतून निसटते. म्हणून त्यांना एक पूर्ण प्रकरण दिले आहे.

महाराष्ट्रात या विषयाचा एक वेगळा उपयोग पवईला झाला आहे. कानाने ऐकू न येणाऱ्या मुलांना बोलायला शिकवताना, जीभ तोंडात कुठे टेकते ते पडद्यावर दाखवता आले तर मोठी मदत होते. परावर्तन गुणांकांवरून पाइपची, म्हणजे मुखपोकळीची, रुंदी काढण्याची रीत हिसाशी वाकिता यांनी १९७३ मध्ये दिली. आयआयटी मुंबईत पी. सी. पांडे आणि मिलिंद शाह यांनी तिच्यावर काम केले. अडचण अशी की ‘आपा’, ‘आटा’, ‘आका’ म्हणताना मधल्या व्यंजनाला तोंड बंद होते, आवाजाची शक्ती जवळपास शून्यावर येते आणि गुणांकांना आधारच उरत नाही. नेमकी जीभ जिथे टेकली ते पाहायचे, आणि नेमके तिथेच आकडे बोलेनासे होतात. २००९ च्या त्यांच्या निबंधात बंद होण्याआधीच्या आणि उघडल्यानंतरच्या आकारांवरून मधला आकार काढण्याचा मार्ग आहे. स्थिरतेचा प्रश्न फोनपुरता नाही, हे त्यावरून पटावे. एकाच्या बाहेर गेलेला गुणांक फोनमध्ये शिट्टी देतो. इथे तो मुखपोकळीची रुंदी उणे दाखवील.

मराठी आवाज या नमुन्यात पूर्ण बसतो असे मात्र समजू नये. ‘म’, ‘न’, ‘ण’ म्हणताना नाकाची पोकळी बाजूच्या फाट्यासारखी जोडली जाते आणि काही कंप्रता गिळते. नुसत्या अनुनादांनी बांधलेल्या फिल्टरला ते नीट सांगता येत नाही. लहान मुलांच्या उंच पट्टीच्या आवाजात भाकीत पोकळीचा अनुनाद सोडून स्वरतंतूंच्या कंपनाच्या पटींना चिकटते, अनुनाद अतिशय अरुंद होतात आणि गुणांक एकाला टेकू पाहतात. स्थिरतेची पहिली परीक्षा अशाच आवाजांवर घ्यावी, चाळिशीतल्या पुरुषाच्या संथ वाचनावर नको.

एका गैरसमजाकडेही बोट दाखवतो. भाकीत वापरले की अस्थिरतेचे भूत मानगुटीवर बसलेच, असे नाही. फ्लॅकसारख्या, काहीही न गमावणाऱ्या सांकेतनात सहगुणक आधी छाटतात आणि मग त्या छाटलेल्या सहगुणकांनीच फरक काढून तो पूर्णांकांत जसाच्या तसा ठेवतात. तिथे सहगुणक वाईट असले तर फाइल मोठी होते. आवाज बिघडत नाही. धोका उद्भवतो तो फरक अंदाजाने पाठवला आणि फिल्टर स्वतःच्याच उत्तरावर चालला तेव्हा.

आसनगाव, सापगाव या परिसरात आता अभियांत्रिकीचे शिक्षण मिळते. शहापूर-मुरबाडच्या वाड्यापाड्यांतली मुले तिथे सिग्नल प्रोसेसिंग शिकतात, आणि हा भाग बहुतेकदा एका व्याख्यानात उरकला जातो. पुस्तक त्यांच्यासाठी आहे. त्याला बारावीचे गणित, थोडे प्रोग्रॅमिंग आणि एक साधा मोबाइल एवढे पुरे. पहिली चार प्रकरणे क्रमाने वाचावीत, पुढची गरजेप्रमाणे.

पुस्तकाचे म्हणणे एका वाक्यात सांगतो : एकच फिल्टर तीन रूपांत लिहिता येतो, गणिताला ती तिन्ही सारखी, पण मोजक्या बिटांत लिहायची वेळ आली की सारखी राहत नाहीत, म्हणून ज्या रूपात चूक झाली तरी अशक्य असे काही निर्माण होत नाही, ते रूप निवडावे. स्थिरता शेवटी तपासून मिळत नाही, ती या निवडीत असते.

वाचकाला विनंती एवढीच. आपल्या घरातल्या लहान मुलाचा ‘ई’ फोनवर ध्वनिमुद्रित करा, त्याचे आठ सहगुणक काढा, एका दशांशापर्यंत छाटा आणि परत आवाज तयार करा. मग तेच परावर्तन गुणांकांत करा, फक्त छाटलेला आकडा एकाच्या आत ठेवा. दोन्ही ऐकून झाल्यावर पहिल्या प्रकरणाकडे या.